अंकीय निसर्गचित्रातील तारांकित आकाश : पडघ्याच्या क्षितिजाच्या आधारे एक विवेचन

१. विषयाचे स्वरूप

निसर्गचित्रातील आकाश हा बहुधा सर्वांत शेवटी भरला जाणारा भाग होय. डोंगर, झाडे, पाणी आणि घरे यांची रचना सिद्ध झाल्यावर उरलेली जागा आकाशाच्या वाट्याला येते. आणि चित्र रात्रीचे असेल तर त्या जागेत काही पांढरे ठिपके टाकून काम संपते. रंग आणि कुंचला यांच्या चित्रात ही रीत खपून जात असे. कारण तेथे चित्रकार वास्तवाची हुबेहूब नक्कल करण्याचा दावाच करीत नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग यांनी १८८८ साली ऱ्होन नदीवरील तारांकित रात्र रंगविली, तेव्हा नैर्ऋत्येकडील देखाव्यावर त्यांनी उत्तरेचे सप्तर्षी आणून ठेवले. त्यामुळे त्या चित्राला काही उणेपणा आला असे कोणी म्हणत नाही.

अंकीय, म्हणजे संगणकावर सिद्ध होणाऱ्या, निसर्गचित्राची गोष्ट वेगळी आहे. येथे डोंगराचा उंचसखलपणा उपग्रहांनी घेतलेल्या मोजणीवरून उभा करता येतो, धुक्याची घनता ठरविता येते, गवताच्या पात्यावरील प्रकाश गणिताने काढता येतो. असे चित्र पाहणाऱ्याला ‘हे असेच आहे’ असे सांगत असते. आणि ज्या चित्राने असा शब्द दिला, त्याच्या आकाशालाही तो पाळावा लागतो. जेम्स कॅमेरॉन यांच्या १९९७ च्या ‘टायटॅनिक’ या चित्रपटात समुद्रावरील आकाशाची एक बाजू दुसऱ्या बाजूचे प्रतिबिंब होती. खगोलशास्त्रज्ञ नील डग्रास टायसन यांनी हा दोष दाखवून दिला आणि २०१२ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित होताना ते आकाश बदलण्यात आले. जहाजाचे बारकावे जपणाऱ्या कलाकृतीत आकाशाकडे झालेले दुर्लक्ष लक्षात आणून द्यावे लागले, यातच या विषयाचे महत्त्व स्पष्ट होते.

अशा आकाशाची रचना कोणत्या तत्त्वांवर होते, याचे विवेचन येथे योजिले आहे. तत्त्वे सर्वत्र सारखीच असली तरी त्यांचा प्रत्यय एका विशिष्ट क्षितिजावर यावा, म्हणून भिवंडी तालुक्यातील पडघा हे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. मुंबई–नाशिक महामार्गावरील या गावाभोवती भातशेती आहे, ईशान्येस माहुलीचे सुळके आहेत आणि नैर्ऋत्येस मुंबईचा प्रचंड दीपसमूह आहे. चित्रविषयाच्या दृष्टीने ही तिन्ही अंगे महत्त्वाची आहेत.

२. ठिपके आणि वाक्य

तारांकित आकाश बनविण्याची सर्वांत प्रचलित पद्धत अशी : एका काळ्या थरावर संगणकाकडून यदृच्छ कण पसरावयाचे, त्यांतील मंद कण एका मर्यादेखाली पुसून टाकावयाचे, उरलेल्यांना किंचित अस्पष्टता द्यावयाची आणि तो थर डोंगरामागे सरकवावयाचा. काही क्षणांत आकाश तयार होते. पण ते आकाश कोठलेच नसते.

भाषेच्या अभ्यासकाला हा दोष ओळखीचा वाटेल. मराठीतील वर्ण पिशवीत भरून जमिनीवर पसरले तर त्यांतून मराठी निर्माण होत नाही. वर्ण खरे असतात. त्यांचा परस्परसंबंध खोटा असतो. ज्याला भाषा येत नाही त्याला तो पसारा लिपीसारखा दिसेल. ज्याला येते त्याला तो वाचता येणार नाही. आकाशाचेही तसेच आहे. मृग, कृत्तिका, सप्तर्षी, शर्मिष्ठा हे आकाशातील शब्द होत. ते ज्याला वाचता येतात त्याची दृष्टी चित्रात प्रथम त्यांचा शोध घेते आणि ते न सापडल्यास चित्रावरील विश्वास त्याच क्षणी ढळतो.

हे शब्द वाचणारा वर्ग केवळ ज्योतिर्विदांचा होता असे नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–१८९८) यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहून सामान्य मराठी वाचकाला आकाश शिकविले. परंतु त्याच्या कितीतरी आधीपासून लोकभाषेत आकाशाचे वाचन चालू होते. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोंडांच्या खगोलविषयक अभ्यासात सप्तर्षींचा चौकोन ही म्हातारीची खाट आणि पुढचे तीन तारे हे ती चोरू पाहणारे चोर, अशी कल्पना नोंदविलेली आहे. कथा कोणतीही असो, तिच्यातून एक गोष्ट सिद्ध होते : पाहणाऱ्याने ताऱ्यांची संख्या लक्षात ठेविली नव्हती, त्यांचे संबंध लक्षात ठेविले होते.

यदृच्छ पद्धतीत आणखी एक सूक्ष्म दोष आहे. माणूस स्वतःच्या हाताने ठिपके टाकू लागला म्हणजे तो नकळत त्यांच्यात सारखे अंतर राखतो. दोन ठिपके फार जवळ आले तर त्याला चूक झाल्यासारखे वाटते. खऱ्या आकाशात कृत्तिकांसारखे दाट पुंजके आणि त्यांच्या शेजारीच मोठ्या ओसाड जागा असतात. म्हणून हाताने काढलेले आकाश फार नीटनेटके होते, तर संगणकाच्या यदृच्छ कणांत पुंजके येतात पण ओळखीचे एकही नसते.

यावरून एक सूत्र निघते. चित्रातील आकाश वास्तव वाटावे यासाठी त्याचा चार गोष्टींशी अन्वय जुळला पाहिजे : देश, काल, दिशा आणि द्रष्टा. वाक्यात कर्ता बहुवचनी आणि क्रियापद एकवचनी आले तर प्रत्येक शब्द शुद्ध असूनही वाक्य अशुद्ध ठरते. त्याचप्रमाणे या चारांपैकी एकाशी अन्वय तुटला तरी प्रत्येक तारा खरा असून आकाश खोटे ठरते.

३. देशाचा अन्वय

पडघ्याचे अक्षांश सुमारे १९.४ उत्तर आहेत. या एका संख्येतून आकाशाची बरीच रचना निश्चित होते. ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून सुमारे तेवढ्याच उंचीवर, म्हणजे साडेएकोणीस अंशांच्या जवळपास, असतो. हात लांब करून मूठ धरली असता ती सुमारे दहा अंश झाकते; तेव्हा ध्रुव क्षितिजावर दोन मुठी रचाव्या त्याहून किंचित खाली दिसेल. लंडनमध्ये तोच साडेएकावन्न अंशांवर असतो. युरोपातील छायाचित्रांवरून तयार केलेला आकाशाचा थर कोकणातील डोंगरावर ठेविला म्हणजे ध्रुव एकदम अर्ध्या आकाशापर्यंत चढतो आणि देखावा परका होतो.

लंडनमध्ये सप्तर्षी कधीच मावळत नाहीत. पडघ्यात ते मावळतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री साडेआठच्या सुमारास उत्तरेकडे पाहिल्यास सप्तर्षींचे सातही तारे क्षितिजाखाली असतात आणि ध्रुवाच्या वर शर्मिष्ठा रोमन ‘एम’ या अक्षराच्या आकारात उभी असते. म्हणून दिवाळीनंतरच्या संध्याकाळचे चित्र काढून त्यात उत्तरेस सप्तर्षी दाखविणे ही देशाच्या अन्वयाची चूक होय, मग तो थर कितीही स्वच्छ असो.

उलट दक्षिणेकडे पडघ्याला जे मिळते ते लंडनला मिळत नाही. अगस्त्य हा आकाशातील दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा पडघ्यातून दक्षिणेस जास्तीत जास्त अठरा अंशांपर्यंत चढतो. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास तो या स्थानी येतो. मे महिन्याच्या पूर्वार्धात रात्री दहाच्या सुमारास त्रिशंकूची आकृती दक्षिण क्षितिजावर उभी राहते. तिचा खालचा तारा साडेसात अंशांवर आणि वरचा साडेतेरा अंशांवर असतो. चित्रातील दक्षिण क्षितिज झाडीने झाकले की ती दिसेनाशी व्हावी, हे उघड आहे.

अक्षांशावर ताऱ्यांच्या उगवण्याचा कोनही अवलंबून असतो. पडघ्यात विषुववृत्ताजवळचे तारे क्षितिजाशी सत्तर अंशांहून थोडा अधिक कोन करून, म्हणजे जवळजवळ सरळ, वर चढतात. मृगाच्या पोटातील तीन ताऱ्यांचा बाण उगवताना जवळजवळ उभा असतो आणि मावळताना आडवा कलतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सायंकाळी सातच्या सुमारास पूर्वेस मृग उगवतो. त्या वेळच्या चित्रात बाण आडवा काढल्यास जाणता प्रेक्षक तो मावळतीचा समजेल आणि पूर्वेचा डोंगर पश्चिमेस गेला असे मानील.

४. कालाचा अन्वय : शेत आणि आकाश

तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात. महिन्याला हा फरक दोन तासांचा होतो. म्हणून ऋतू आणि घटका सांगितली की आकाश ठरते, आणि आकाश सांगितले की ऋतू व घटका यांची जोडी ठरते. निसर्गचित्रात ऋतू तर जमिनीवरच लिहिलेला असतो. जमीन आणि आकाश यांनी एकच ऋतू सांगावा, एवढीच अपेक्षा असते. परंतु ती फार वेळा भंगते.

आकाशगंगेचे उदाहरण घेऊ. तिचा सर्वांत तेजस्वी भाग धनू आणि वृश्चिक या राशींच्या प्रदेशात आहे. जुलै ते सप्टेंबर या काळात तो रात्रीच्या पहिल्या प्रहरी दक्षिणेस असतो. पण ठाणे जिल्ह्यात तेव्हा पावसाळी ढग असतात. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री आठ वाजता, हा भाग पडघ्याच्या नैर्ऋत्येस सुमारे पंचवीस अंशांवर उतरलेला असतो. त्या वेळी शेतात भात पिवळे होऊन कापणीला आलेले असते.

तोच भाग मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे पाच वाजता आग्नेयेस, मुरबाडकडील डोंगरांच्या बाजूस, तीस अंशांच्या वर आलेला असतो. तेव्हा शेते उघडी पडलेली असतात, कोठे राबासाठी भाजलेल्या जमिनीचे काळे चौकोन दिसतात, पळस फुललेला असतो. म्हणजे पिवळे भात आणि नैर्ऋत्येची आकाशगंगा ही एक जोडी, आणि भाजलेली जमीन व आग्नेयेची आकाशगंगा ही दुसरी जोडी. पहिल्या जोडीतील शेत दुसऱ्या जोडीतील आकाशाखाली ठेविले की चित्रातील दोन अर्धे निरनिराळ्या महिन्यांत बोलू लागतात.

चंद्राच्या बाबतीत हा अन्वय अधिकच कडक आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असल्याने तो सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेस उगवतो. सायंकाळी पश्चिमेस पूर्ण चंद्र असू शकत नाही. कोरीचा प्रकाशित भाग नेहमी सूर्याच्या बाजूस असतो, आणि तिच्या काळ्या भागात तारा कधीच दिसत नाही. कारण तेथे चंद्राचाच न उजळलेला गोल असतो. कोरीच्या कुशीत चांदणी ठेवण्याची हौस ध्वजावर किंवा मंडपाच्या कापडावर शोभते, वास्तवदर्शी चित्रात नाही.

५. दिशा आणि मोजमाप

दिशेचा अन्वय मोजमापाशी जोडलेला आहे. आकाशातील अंतरे अंशांत मोजली जातात, आणि चित्रात हे अंश चित्रबिंदूंत म्हणजे पिक्सेलमध्ये बदलावे लागतात. सहा हजार चित्रबिंदू रुंदीच्या चित्रात साठ अंशांचा देखावा बसविला तर सरासरीने एका अंशाला शंभर बिंदू येतात. चंद्राचा व्यास सुमारे अर्धा अंश असतो. तेव्हा या चित्रात तो पन्नास बिंदूंचा, म्हणजे रुंदीच्या एकशेविसाव्या हिश्शाचा, निघेल. मृगाचा बाण पावणेतीन अंशांचा, तर सप्तर्षींपैकी ध्रुव दाखविणाऱ्या दोन ताऱ्यांतील अंतर सुमारे साडेपाच अंशांचे असते.

आता माहुली पाहू. या किल्ल्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८५८ मीटर आहे. दहा ते पंधरा किलोमीटरांवरून पाहिल्यास तो क्षितिजावर तीन ते साडेचार अंशांहून फारसा वर येत नाही. म्हणजे त्याची उंची मृगाच्या बाणाच्या लांबीहून थोडीच अधिक भरते. पण चित्रकार डोंगराला भव्यता यावी म्हणून दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या भिंगातून तो घेतो आणि त्यामागे विस्तीर्ण कोनातून घेतलेले सबंध आकाश बसवितो. परिणामी माहुलीच्या एका सुळक्यामागे संपूर्ण मृग मावतो. डोंगर मोठा केला तर त्याच प्रमाणात नक्षत्रेही मोठी झाली पाहिजेत आणि त्यांची संख्या कमी झाली पाहिजे.

वक्र आकाश सपाट पृष्ठावर उतरविताना विकृती येणे अटळ आहे. साध्या भिंगासारख्या प्रक्षेपणात वरील साठ अंशांच्या चित्राच्या मध्यभागी एका अंशाला सुमारे ९० बिंदू येतात, तर कडेला १२०. म्हणून कडेचे नक्षत्र मधल्याहून पसरट दिसते. हा दोष नव्हे. जमिनीवरील झाडेही त्याच नियमाने ताणली जातात. दोष तेव्हा होतो, जेव्हा जमीन एका प्रक्षेपणात आणि आकाश दुसऱ्यात असते.

६. द्रष्ट्याचा अन्वय : तेज आणि रंग

चित्रातील आकाश कोणी पाहिलेले आहे? माणसाच्या डोळ्याने की कॅमेऱ्याने? हा प्रश्न आधी सोडविल्याशिवाय ताऱ्यांचे तेज व रंग ठरविता येत नाहीत.

ताऱ्यांचे तेज ‘प्रत’ या मापाने सांगतात. नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये सुचविलेल्या नियमाप्रमाणे पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक; म्हणून एका प्रतीला सुमारे अडीच पट येते. प्रत जितकी मोठी तितका तारा मंद. संपूर्ण आकाशात दुसऱ्या प्रतीपर्यंतचे तारे सुमारे ५० आहेत, तिसऱ्यापर्यंत १७०, चौथ्यापर्यंत ५००, पाचव्यापर्यंत १,६०० आणि सहाव्यापर्यंत ५,००० च्या आसपास. प्रत्येक पायरीला संख्या जवळजवळ तिप्पट होते. वास्तव आकाशाचे हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण होय : फार थोडे तारे ठळक, बरेच मध्यम आणि पुष्कळच अंधुक. यदृच्छ ठिपक्यांत सर्व तारे एकाच तोलाचे असतात, म्हणूनच ते आकाशापेक्षा सांडलेल्या मिठासारखे दिसतात.

व्याध हा सर्वांत तेजस्वी तारा आणि सहाव्या प्रतीचा तारा यांच्या तेजात जवळजवळ हजार पटींचे अंतर आहे. संगणकाच्या नेहमीच्या पडद्यावर प्रत्येक मूलरंगाच्या २५६ पायऱ्या असतात. व्याधाला एका बिंदूत पूर्ण पांढरा केला तर त्या प्रमाणात सहाव्या प्रतीचा तारा काळ्यापासून वेगळा ओळखू येत नाही. यावर उपाय डोळ्यानेच दाखवून दिलेला आहे. तारा हा बिंदूच असतो. परंतु डोळ्यात आणि भिंगात त्याचा प्रकाश थोडासा पसरतो, आणि तेजस्वी ताऱ्याचा पसारा अधिक जाणवतो. म्हणून अंधुक ताऱ्याला एकच मंद बिंदू द्यावा आणि ठळक ताऱ्याचे जादा तेज भोवतालच्या बिंदूंत हळूहळू विरत जाईल असे वाटावे. व्याध मोठा दिसतो तो याच कारणाने. त्याला वर्तुळ म्हणून रंगविल्यास तो दिवा होतो.

ताऱ्याला फुटणारे किरणही द्रष्ट्यावर अवलंबून असतात. कॅमेऱ्याच्या भिंगातील झडपेला सहा पाती असतील तर सहा किरण येतात, सात असतील तर चौदा. आणि ते सर्व ताऱ्यांना एकाच दिशेने येतात. प्रत्येक ताऱ्याला निरनिराळे किरण देणारे चित्र कोणत्याच भिंगाचे नसते.

रंगाच्या बाबतीत ताऱ्याचे तापमान निर्णायक आहे. काक्षीचे पृष्ठतापमान सुमारे ३,५०० केल्विन, रोहिणीचे ३,९००, व्याधाचे ९,९०० आणि राजन्याचे १२,००० च्या आसपास आहे. म्हणून पहिले दोन तांबूस-नारिंगी आणि पुढचे दोन निळसर पांढरे. परंतु अंधारात माणसाच्या डोळ्याला मंद प्रकाशाचा रंग कळत नाही. डोळ्याच्या साक्षीने काढलेल्या चित्रात रंग पाचदहा ठळक ताऱ्यांनाच असावा, बाकीचे राखाडी-पांढरे. कॅमेऱ्याच्या साक्षीने काढलेल्या चित्रात मात्र अंधुक ताऱ्यांनाही रंग येईल आणि आकाशगंगा पिवळसर व तपकिरी दिसेल. अशा चित्रात ताऱ्यांचे सरकणेही जमेस धरावे लागते : वीस सेकंदांच्या प्रकाशनात विषुववृत्ताजवळील तारा पाच कला सरकतो, म्हणजे वरील चित्रात सातआठ बिंदूंची रेघ होते, ध्रुवाजवळ ती जवळजवळ शून्य असते. डोळ्याची शांत बिंदुवत् नक्षत्रे आणि कॅमेऱ्याची रंगीत आकाशगंगा यांचे मिश्रण करणारे चित्र आकर्षक वाटते, पण त्याला साक्षीदार राहत नाही.

७. हवा, चांदणे आणि दिवे

ताऱ्याचा प्रकाश क्षितिजाजवळ अधिक जाड हवेतून येतो. दहा अंशांच्या उंचीवर ही जाडी खमध्याच्या मानाने साडेपाच पटींहून अधिक असते. स्वच्छ हवेतही अगस्त्याचा तारा पडघ्यात सुमारे एक प्रत तेज गमावूनच डोळ्यापर्यंत पोचतो. म्हणून क्षितिजाकडे जाताना तारे विरळ, मंद आणि किंचित तांबूस व्हावे लागतात. खमध्यापासून क्षितिजापर्यंत सारख्याच घनतेने पसरलेले तारे हे थर उचलून ठेवल्याचे चिन्ह होय.

मराठीची क्रियापदे येथे नेमकी साक्ष देतात. क्षितिजाजवळचा तारा ‘लुकलुकतो’, शुक्र ‘लखलखतो’, दूरचा दिवा ‘मिणमिणतो’. ग्रहाला लुकलुकणे सहसा लावले जात नाही. कारण ग्रहाला दृश्य आकार असल्याने हवेच्या हालचालीने त्याचे तेज फारसे डळमळत नाही. चलच्चित्रासाठी आकाश रचणाऱ्याने हा भेद पाळला पाहिजे.

तसाच ‘चांदणे’ आणि ‘चांदणी’ यांचा भेद. ‘चांदण्यात’ म्हणजे चंद्राच्या प्रकाशात आणि ‘चांदण्यांत’ म्हणजे ताऱ्यांच्या समूहात. लेखनात फरक एका अनुस्वाराचा, पण आकाशात तो दोन विरोधी अवस्थांचा. टिपूर चांदणे पडले की आकाशगंगा लोपते आणि ठळक चांदण्याच काय त्या उरतात. जमिनीवर झाडाची काळी सावली आणि वर आकाशगंगेचा ओघ, असे दोन्ही एकाच चित्रात आले तर त्यांतील एक मिथ्या असते.

यापुढचा विचार पडघ्याच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. चंद्र महिन्यातून काही रात्रीच तारे पुसतो. दिवे ते रोज पुसतात. पडघ्याच्या नैर्ऋत्येस मुंबई, पश्चिम-नैर्ऋत्येस भिवंडी आणि दक्षिण-नैर्ऋत्येस कल्याण आहे. वर सांगितलेली ऑक्टोबरची आकाशगंगा नेमकी याच बाजूला उतरते. पावसानंतर आकाश प्रथम मोकळे होते तेव्हा तिचा सर्वांत सुंदर भाग शहरांच्या प्रकाशात बुडालेला असतो. भिवंडी परिसरात गोदामांचा विस्तार झाला आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून आमणेपर्यंतचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि आमणे हे याच तालुक्यात आहे. १९९९ मध्ये सुरू झालेली चंद्रपूर–पडघे ही ७५२ किलोमीटरांची उच्चदाब एकदिश वीजवाहिनी १,५०० मेगावॉट वीज वाहून आणण्यासाठी बांधली गेली, आणि तिचे अखेरचे स्थानक पडघ्याचे आहे. महानगराच्या प्रदेशात वीज आणणारी वाट या गावाशी येऊन पोचते आणि त्या प्रदेशाच्या दिव्यांचा उजेड गावाच्या आकाशात परततो.

चित्रात हा उजेड कसा यावा? क्षितिजाशी पिवळसर वा पांढरट, वर जाताना विरळ होत जाणारा, आणि ढग असल्यास त्यांना खालून उजळविणारा. त्याच्या पट्ट्यात ताऱ्यांची सीमा कमी करावी. सहाव्या प्रतीपर्यंत दिसणाऱ्या आकाशात एका वेळी क्षितिजावर अडीच हजारांच्या आतबाहेर तारे असतात. सीमा चौथ्या प्रतीवर आली तर संपूर्ण आकाशातील पाचशेंपैकी निम्मेच क्षितिजावर असल्याने आणि हवेने त्यांतलेही काही गिळल्याने दोनशेंच्या आसपासच उरतात. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये अंधाराच्या नऊ श्रेणी सांगितल्या; चित्रकाराला त्यांचा उपयोग आपल्या आकाशाची श्रेणी आधी निश्चित करण्यासाठी होतो.

८. रचनेचा क्रम

वरील विवेचनावरून कामाचा क्रम सहज निघतो. प्रथम स्थळ, तारीख, वेळ आणि पाहण्याची दिशा लिहून काढावी. त्यानंतर ताऱ्यांची सूची घ्यावी. येल विद्यापीठाच्या ठळक ताऱ्यांच्या सूचीत साडेसहाव्या प्रतीपर्यंतच्या ९,११० नोंदी आहेत आणि डोळ्याच्या चित्राला त्या पुरेशा होतात. कॅमेऱ्याच्या चित्राला अधिक तारे लागल्यास हिप्पार्कस उपग्रहाच्या १९९७ च्या सूचीत १,१८,२१८ तारे आहेत. येल सूचीचाच आधार घेऊन हेन्रिक वान येन्सन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये रात्रीच्या आकाशाची भौतिकीवर आधारलेली गणनपद्धती प्रसिद्ध केली. तीत तारे, चंद्रप्रकाश, राशिचक्रीय प्रकाश आणि वातावरणाचे स्वतःचे क्षीण तेज यांचा एकत्र विचार केला आहे. ज्याला गणित स्वतः करावयाचे नाही त्याला स्टेलेरियम ही विनामूल्य आज्ञावली कोणत्याही स्थळाचे व वेळेचे आकाश काढून देते.

सूचीतील ताऱ्यांची स्थाने उन्नतांश आणि दिगंश यांत बदलून जमिनीच्याच प्रक्षेपणात बसवावी. मग तेज, रंग, हवेचे शोषण आणि दिव्यांचा उजेड हे संस्कार याच क्रमाने करावे. शेवटी डोंगर व झाडे यांच्या आकाराने तारे झाकावे; पानांच्या फटीतून तारा दिसावा, पानावर दिसू नये. यदृच्छ कणांना अगदीच बंदी नाही. डोळ्याच्या सीमेखालील आकाशगंगेचा धुरकट पोत त्यांनी साधता येतो. ओळखता येणारे तारे मात्र सूचीतूनच आले पाहिजेत.

९. समारोप

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न राहतो. प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना चूक कळेल, हे खरे आहे. पण ती न कळण्याचे कारणच चिंताजनक आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कृत्रिम प्रकाशाच्या जागतिक नकाशासंग्रहानुसार पृथ्वीवरील ८० टक्क्यांहून अधिक लोक दिव्यांनी उजळलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक-तृतीयांशाहून अधिकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. महाराष्ट्रात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिले अंधार-आकाश उद्यान म्हणून मान्यता मिळाली. अंधारालाही आता राखीव क्षेत्र लागते, हे यावरून दिसून येते.

ज्या भाषेचे बोलणारे कमी होत जातात, तिच्या नोंदी अचूक असाव्या लागतात. कारण नोंद तपासून पाहण्यास पुढे कोणी उरेलच असे नाही. पडघ्यासारख्या गावातील मुलाने आकाशगंगा शेतातून पाहण्याआधी पडद्यावर पाहिली, तर त्याच्या लेखी पडद्यावरचीच खरी ठरेल. अशा वेळी चित्रकारापुढे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक, आजचे पडघे काढावे : नैर्ऋत्येचा उजेड, विजेच्या मनोऱ्यांच्या आकृती आणि त्यांच्या वर उरलेले मोजके तारे. दुसरा, दिव्यांपूर्वीचे पडघे काढावे आणि ते तसे आहे हे चित्राच्या नावातच सांगावे. दोन्हींत आकाश पडघ्याचेच राहते. दूरच्या देशातील एखाद्या रात्रीचा थर माहुलीमागे सरकविणे हा तिसरा मार्ग सर्वांत सोपा आहे. पण त्यात माहुली आणि आकाश हे दोघेही एकमेकांना परके होतात.